‘मिस्टर’ शेक्सपिअर आणि ‘सौ.’ नसलेल्या हिराबाई

(अकोला इथं झालेल्या स्त्रियांच्या वाचक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. मेळाव्याला अकोला, अमरावती, बुलढाणा भागातल्या मैत्रिणी आल्या होत्या.)



‘लेखिका आणि तिचं नाव’ असा विषय तुम्ही मला दिलात. मी मात्र सुरुवात एका पुरुषापासून करणार आहे, आणि तोही इंग्लंडातला. आपल्याला तो अगदी अनोळखी नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी देवलांचा ‘झुंझारराव’ पाहिला, त्यांनी शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’च पाहिला होता. ‘त्राटिका’ पाहून जे हसले, ते शेक्सपिअरच्याच नाटकाला हसले. तर या शेक्सपिअरचं नाव आणि त्याची पायरी, म्हणजे समाजातलं त्याचं स्थान, यांची गोष्ट आधी सांगते. मग आपल्याकडे येऊ.

शेक्सपिअरचा बाप जॉन हा स्ट्रॅटफर्ड नावाच्या गावात चामड्याचे हातमोजे करून विकायचा. गावात त्याला मान होता. १५६८ साली तो नगरप्रमुखही झाला. पण पुढं कर्जबाजारी झाला आणि पत गेली. मुलगा विल्यम १५६४ साली जन्मला, विद्यापीठात गेला नाही, लंडनला जाऊन नट झाला. तेव्हा नटाची पायरी काय होती? १५७२ चा तिथला कायदा असा होता, की कुणा उमरावाचा आश्रय नसेल तर गावोगाव खेळ करणारा नट भटक्या-उडाणटप्पू ठरायचा आणि त्याला शिक्षा व्हायची. म्हणून नाटक मंडळ्या कुणातरी बड्या सरदाराचं नाव लावून फिरायच्या. आपल्याकडे तमासगिरांना, नाटकवाल्यांना एके काळी भाड्यानं घर मिळत नव्हतं, ते आठवा. गोष्ट फार वेगळी नाही.

शेक्सपिअरनं पैसा मिळवला आणि त्या पैशातून पायरी विकत घेतली. १५९६ साली त्याच्या घराण्याला कुलचिन्ह मिळालं, म्हणजे ‘जंटलमन’ म्हणवून घेण्याचा परवाना. अर्ज बापाच्या नावानं होता, खटपट बहुधा मुलाची. पुढच्याच वर्षी त्यानं गावातलं एक मोठं घर घेतलं. पण लोक इतक्या सहज विसरत नाहीत. १६०२ साली कुलचिन्हांच्या खात्यातल्याच एका अधिकाऱ्यानं तक्रार केली, की लायकी नसलेल्यांना चिन्हं वाटली जातात. त्या यादीत शेक्सपिअरचं चिन्ह होतं आणि त्याच्याखाली ‘नट’ असा शेरा होता. तुम्ही कितीही मोठं घर बांधा, शेजारीण म्हणतेच ना, ‘अवं, हे त्या अमक्याचीच सून न?’ तसंच ते.

त्याच्या नावाचीही एक गंमत आहे. त्याच्या हातच्या म्हणून सहा सह्या आज मान्य आहेत, आणि त्यांतलं स्पेलिंग एकसारखं नाही. आज जगभर जे स्पेलिंग छापलं जातं, ते त्या सहांपैकी एकीतही नाही. त्या काळी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. १६१६ साली तो वारला. त्यानंतर सात वर्षांनी, १६२३ साली, त्याच्या मंडळीतल्या दोन नटांनी, हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांनी, त्याची ३६ नाटकं एकत्र करून एक मोठा ग्रंथ छापला. त्यांतली निम्मी नाटकं आधी कधीच छापली गेली नव्हती. ‘मॅकबेथ’ त्यांतलंच. या दोघांनी मनावर घेतलं नसतं, तर कदाचित ती कायमची गेली असती. आणि त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर काय आहे? नुसतं विल्यम शेक्सपिअर नाही. नावाआधी ‘मिस्टर’ आहे. तेव्हा ‘मिस्टर’ कुणालाही लागत नव्हतं. ती ‘मास्टर’ची खूण होती, खानदानी गृहस्थाची. म्हणजे हातमोजेवाल्याच्या नट पोरानं आयुष्यभर जी पायरी मिळवली, ती मित्रांनी मेल्यानंतर त्याच्या नावाला चिकटवून दिली.

एवढं होऊनही पुढं काय झालं ते ऐका. एकोणिसाव्या शतकात लोक विचारू लागले, की ही नाटकं याच माणसानं लिहिली कशावरून? कॉलेजात न गेलेला, दरबारात न वाढलेला हा माणूस राजे-राण्यांचं इतकं कसं लिहील? नक्की कुणा उमरावानं लिहिलं असणार आणि याचं नाव लावलं असणार. कुणी फ्रान्सिस बेकनचं नाव घेतलं, १९२० साली एका शाळामास्तरानं ऑक्सफर्डच्या उमरावाचं नाव पुढं केलं. तो जिवंत असताना हा संशय कुणी घेतला नव्हता. बरोबर काम करणारे, हेवा करणारे, सगळे त्याला लेखक म्हणूनच ओळखत होते. पण पायरी आणि प्रतिभा यांचं गणित डोक्यात पक्कं बसलं, की डोळ्यांसमोरचा पुरावाही दिसत नाही.

या संशयाच्या गोष्टीत एक बाईही आहे. डेलिया बेकन ही अमेरिकन विदुषी. स्त्रियांचे वर्ग घेऊन, व्याख्यानं देऊन पोट भरणारी. १८५७ साली तिनं या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं चुकीचं होतं, आज अभ्यासक ते मानत नाहीत. पण तिच्या वाट्याला काय आलं? शेवटी वेड्यांच्या इस्पितळात राहून १८५९ साली ती वारली. तिच्यानंतर तेच म्हणणं मांडणारे पुरुष मात्र ‘संशोधक’ म्हणून मिरवले. लोक तिचं नाव काढतात, ते बहुतेक वेळा तिच्या वेडासाठी.

आणि शेक्सपिअरच्या स्वतःच्या लेकी? सुझॅनाला सही करता येत होती. ज्युडिथनं कागदावर सहीच्या जागी खूण केलेली आहे. बापाच्या गावात व्याकरणाची शाळा होती, फुकट होती, पण मुलग्यांची. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या नाटककाराच्या लेकीला आपलं नाव लिहिता येत नव्हतं! विद्यापीठाबद्दल शंका काढणाऱ्यांना हे कधी खटकलं नाही. व्हर्जिनिया वुल्फनं १९२९ साली शेक्सपिअरला एक काल्पनिक बहीण दिली आणि विचारलं, की तिच्यात तेवढीच प्रतिभा असती तर तिचं काय झालं असतं? त्या बहिणीचं नावही तिनं ज्युडिथच ठेवलं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला कल्पनेतली बहीण शोधायची गरज नाही. आपल्याकडे खरीखुरी आहे.

अकोला, खामगाव, जळगाव-जामोद या आपल्या भागात वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर तुम्हाला माहीत आहेत. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे, ‘मूकनायक’, ‘मतिविकार’ अशी नाटकं लिहिणारे, राम गणेश गडकरी ज्यांना गुरू म्हणत ते. याच कोल्हटकरांना गुरू मानणारी एक बाई होती, हिराबाई पेडणेकर. १९०४ साली त्यांनी ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक लिहिलं. १९१२ साली ‘संगीत दामिनी’ आलं आणि केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. व्यावसायिक मंडळीनं बाईचं नाटक करावं, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

हिराबाईंचा जन्म सावंतवाडीचा, नायकिणींच्या घराण्यातला. वाढल्या मुंबईत. शाळेत गेल्या, गाणं शिकल्या, मासिकांतून लिहू लागल्या. इथं एक उलटा न्याय लक्षात घ्या. त्या काळी घरंदाज घरातली बाई पुस्तक हातात धरायची ती चोरून. गाणं म्हणणं तर दूरच. नायकिणीच्या घरी मात्र मुलीला अक्षर, सूर, चार मोठ्या माणसांशी बोलण्याची रीत, सगळं शिकवलं जायचं, कारण तो तिच्या पोटाचा धंदा होता. म्हणजे ज्या पायरीनं हिराबाईंना लिहिता येण्याजोगं केलं, त्याच पायरीनं लेखिका म्हणून ताठ उभं राहण्याची त्यांची वाट अडवली. नाटककार, कवी त्यांच्या बैठकीत येत, गाणं ऐकत, साहित्यावर बोलत. सभेत शेजारी खुर्ची देणं ही निराळी बाब होती.

याच्या शेजारी दुसरं नाव ठेवू या. १९१३ साली, म्हणजे ‘दामिनी’नंतर एका वर्षानं, ‘पुरुषांचे बंड’ हे नाटक आलं. खाडिलकरांनी १९०७ साली ‘बायकांचे बंड’ लिहून आपल्याला चिमटे काढले होते, त्याला हे उत्तर. लेखिका सौ. गिरिजाबाई केळकर. त्यांनी जळगावला, म्हणजे खानदेशातल्या जळगावला, भगिनी मंडळ काढलं, खूप काम केलं. १९२८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. एक बाई नाट्यसंमेलनाची अध्यक्ष, याचा आपल्याला अभिमानच वाटला पाहिजे. गिरिजाबाईंचं मोठेपण मी तिळभरही कमी करत नाही.

पण त्या १९२८ साली हिराबाई हयात होत्या. त्या मुंबई सोडून कोकणात गुहागरजवळ पालशेतला जाऊन राहिल्या आणि १९५१ साली वारल्या. ‘दामिनी’नंतर त्यांचं तिसरं नाटक रंगभूमीला मिळालं नाही.

दोघी बायका. दोघींनी नाटक लिहिलं. वर्षाचं अंतर. एकीच्या नावाआधी ‘सौ.’ होतं, एकीच्या नावाआधी नव्हतं. शेक्सपिअरच्या ग्रंथावरचं ‘मिस्टर’ आणि गिरिजाबाईंच्या नावाआधीचं ‘सौ.’, दोन्हींचं काम एकच: ही व्यक्ती उंबऱ्याच्या आतली आहे, हिला घ्यायला हरकत नाही, असं वाचकाला सांगणं. फरक एवढाच, की शेक्सपिअरला आपलं ‘मिस्टर’ स्वतः कमावता आलं, विकत घेता आलं. बाईला ‘सौ.’ कमावता येत नाही. ते दुसऱ्यानं द्यायचं असतं, आणि तो वारला की काढून घ्यायचं असतं. हिराबाईंनी शंभर नाटकं लिहिली असती तरी त्यातून ‘सौ.’ मिळालं नसतं.

आडनावांकडेही बघा. पेडणेकर म्हणजे पेडण्याच्या. हिराबाईंच्या आधी, १८९६ साली, ‘छत्रपती संभाजी’ हे नाटक लिहिणाऱ्या बाईंचं नाव सोनाबाई केरकरीण. ‘केरकरीण’ हा शब्द कानावर पडला, की त्या काळच्या माणसाला बाईची पायरी कळत असे, नाटकाचं पान उलटायच्या आधी. आणि आपणसुद्धा काय म्हणतो? ‘कोल्हटकर’, ‘गडकरी’, ‘खाडिलकर’, पण ‘हिराबाई’, ‘गिरिजाबाई’. पुरुषाला आडनावानं हाक मारली की तो सार्वजनिक होतो. बाईला पहिल्या नावानं हाक मारली की ती माजघरातच राहते. आत्ता माझ्याही तोंडून तसंच येतंय, इतकी ती सवय मुरलेली आहे.

हिराबाईंचं पुढं काय झालं? १९७६ साली वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिलं. नाटककार बाई शेवटी पुरुषाच्या नाटकातलं पात्र होऊन लोकांपुढं आली. ‘कस्तुरीमृग’ पाहिलेली माणसं भेटतात. ‘दामिनी’ वाचलेली माणसं सांगा मला, या मांडवात किती आहेत?

कुणी म्हणेल, ही मुंबई-कोकणची गोष्ट झाली, वऱ्हाडाचं काय? तर आपल्या बुलढाण्याचं घ्या. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. वडील बापूजी हरी शिंदे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भक मारल्याबद्दल १८८१ साली आधी फाशीची शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. त्या संतापातून हे पुस्तक आलं. पुण्यात छापलं, प्रती पाचशे. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. त्यानंतर? ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. पुस्तक जवळजवळ शतकभर विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी शोधून पुन्हा छापलं, तेव्हा आपल्या हातात आलं. आज स्त्री-चळवळीच्या प्रत्येक शिबिरात आपण ताराबाईंचं नाव घेतो. पण १८८२ ते १९७५ या काळात बुलढाण्यात किती लेकीबाळी वाढल्या असतील, ज्यांना आपल्याच गावच्या या बाईचा पत्ता नव्हता? त्यांतल्या एखादीनं लिहिलंही असेल आणि आपण पहिल्याच आहोत असं समजून भिऊन फाडलंही असेल.

आता याच्या उलट एक गोष्ट सांगते, तीही आपल्याच मुलखातली. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तिथं तेराव्या शतकात महदंबेनं धवळे रचले. श्रीगोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीळेतली ती गाणी. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. सातशे वर्षांवर हे नाव कसं टिकलं? ती काही राणी नव्हती. लहानपणीच वैधव्य आलेली बाई. पण चक्रधरांच्या पंथात बाईला प्रश्न विचारायची मुभा होती, आणि ही महदाइसा सारखी प्रश्न विचारायची. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त ती, तिचे प्रश्न, सगळं नावानिशी लिहून ठेवलं. म्हणजे शेक्सपिअरला जसे हेमिंग्ज आणि कॉन्डेल मिळाले, तशी महदंबेला तिची मंडळी मिळाली. २०२४ साली त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, याचा आपल्याला आनंद आहे. त्या गावाला हा मान ज्या पोथ्यांमुळे मिळाला, त्यांत एका विधवेची गाणी आहेत, हे विसरू नये.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. नाव टिकायला प्रतिभा लागतेच, पण ती पुरत नाही. नोंद ठेवणारं कुणीतरी लागतं. ज्याला पायरी आहे, त्याची नोंद आपोआप होते. ज्याला नाही, त्याच्या सोबत्यांनी ती हट्टानं करावी लागते. हिराबाईंना चाहते होते, रसिक होते, गुरू होते. सोबती नव्हते.

आता आपल्यात काय चालतं ते बघा. एखादी बाई मंडळात स्वतः रचलेलं गाणं म्हणते. पहिला प्रश्न काय येतो? ‘हे कोनं लिहून देल्लं वं तुले?’ विचारणारी बाईच असते. दिवसभर निंदण करून, कापूस वेचून आलेली, शाळा चौथीत सुटलेली बाई असं कसं रचेल, हा तोच संशय, जो हातमोजेवाल्याच्या पोराबद्दल घेतला गेला. शेक्सपिअरच्या बाजूनं बोलायला चारशे वर्षांचे कागद आहेत. आपल्या बाईच्या बाजूनं बोलायला कोण आहे?

कुणी असंही म्हणतं, ‘नावाचं काय एवढं? गाणं राहिलं म्हणजे झालं. आपण चळवळीतल्या बायका, आपल्याला कशाला मीपणा?’ हे ऐकायला छान वाटतं. पण ज्यांच्याकडे नाव आहे त्यांनी ते सोडून द्यावं, याला त्याग म्हणतात. ज्यांना कधी मिळालंच नाही, त्यांनी सोडायचं काय? बाईचं माहेरचं नाव लग्नात जातं, पुष्कळदा पहिलं नावही तांदळाच्या ताटात बदलतं. मग ती ‘अमक्याची माय’ होते. शेताच्या सातबाऱ्यावर ती नाही, दारावरच्या पाटीवर नाही. सरकारी कागदावर मुलाच्या नावापुढं आईचं नाव सक्तीनं लावायचं, हा निर्णय व्हायला राज्यात २०२४ साल उजाडलं. अशा बाईला ‘नावाचं काय एवढं’ म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगणं.

जात्यावरच्या ओव्यांचंही एक उदाहरण आहे. गी पॉयतवँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा करवल्या. त्यांचं मोल संख्येत आहेच, पण माझ्या मते त्याहून जास्त एका सवयीत आहे. ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव, ओवीसोबत लिहून ठेवायचं. त्याआधी कितीतरी संग्रह ‘लोकगीत’ एवढंच लिहून मोकळे झाले होते. ‘लोक’ म्हणजे कोण? बहुतेक वेळा बाया. पण ‘लोकगीत’ म्हटलं की ती कुणाचीच नसतात, आणि जे कुणाचंच नसतं ते कुणीही उचलतं.

तर मेळाव्यातून घरी जाताना तीन कामं घेऊन जाऊ या.

पहिलं, आपल्या मंडळाची गाण्यांची जी वही आहे, तिच्यात प्रत्येक गाण्याखाली रचणारीचं पूर्ण नाव, गाव आणि साल लिहायचं. तिला माहेरचं नाव लावायचं असेल तर ते. आईचं लावायचं असेल तर ते. तिला विचारून, ती सांगेल तसं. चौघींनी मिळून रचलं असेल तर चौघींची नावं. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून गावोगाव झालं, ते ज्योती म्हापसेकरांनी लिहिलं हे आपल्याला माहीत आहे. नाव सांगितल्यानं ते चळवळीचं कमी झालं का?

दुसरं, ‘कोनं लिहून देल्लं?’ हा प्रश्न आपण आपल्या तोंडून बंद करायचा. त्या जागी विचारायचं, ‘कधी सुचलं?’ आणि तिचं उत्तर नीट ऐकायचं.

तिसरं, आपापल्या गावच्या वाचनालयात जाऊन ‘स्त्री-पुरुष तुलना’ आहे का, हिराबाई पेडणेकरांची नाटकं आहेत का, हे विचारायचं. नसतील तर मागणीच्या वहीत लिहायचं, आणि खाली आपली सही करायची. पूर्ण नावानं.